पंज्याचा शिक्का आणि ठकी

खोकं भाच्याने आणून दिलं. "मावशी, बघ, मुद्दाम ठकीला चालतील अशीच झाडं शोधली. मागे शिक्कासुद्धा आहे." शिक्का होता खरा. हिरव्या गोलात कुत्र्याचा पंजा आणि त्याखाली ठळक अक्षरांत 'प्राण्यांसाठी सुरक्षित'.

मी मुद्रितशोधनाचं काम करते. दुसऱ्यांच्या लिखाणातले ऱ्हस्व-दीर्घ शोधायचे आणि त्याचे पैसे घ्यायचे. त्यामुळे बारीक मजकूर वाचायची मला सवय नाही, खोड आहे. औषधाच्या बाटलीपासून तिकिटाच्या मागच्या नियमांपर्यंत सगळं वाचते. पण भाचा समोर उभा होता, माझी कुत्री ठकी शेपटीने जमीन झाडत होती, आणि तो शिक्का फार गोड काढला होता. तो एक शब्द मी न तपासता पुढे जाऊ दिला. पुढचं सगळं त्यातून आलं.

आधी वस्तूबद्दल. ही स्वयंपाकघराच्या खिडकीत ठेवायची छोटी बाग आहे. लाकडाचा उथळ ट्रे, त्यात बसणाऱ्या सहा कुंड्या, कोकोपीटच्या, म्हणजे नारळाच्या काथ्याच्या भुशाच्या, दाबलेल्या चकत्या, बियांची सहा पाकिटं, नावं लिहायला लाकडी पट्ट्या, खताची एक पुडी आणि घडी घातलेलं माहितीपत्रक. बिया बेसिल, पुदिना, पार्सली, थाइम, ऑरिगॅनो आणि चाइव्जच्या. बाग म्हणून मी याला पाचपैकी चार तारे देईन. कुत्रं असलेल्या घरात आणायची वस्तू म्हणून एक, आणि तोही बेसिलच्या भिडेखातर.

ट्रेचं लाकूड चांगलं आहे, कोपरे घासलेले आहेत, पाणी सांडलं तरी फुगलं नाही. कुंड्यांना खाली भोकं आहेत, ही गोष्ट सांगावी लागते याचंच वाईट वाटतं, पण याआधीच्या एका संचात ती नव्हती. चकत्यांचा प्रकार तर बघण्यासारखा. बोटाच्या पेराएवढीही जाडी नसलेली चकती कुंडीत ठेवायची, वरून कोमट पाणी ओतायचं, आणि ती कुरकुर आवाज करत फुगत जाते, दोन मिनिटांत कुंडी भरते. ठकी हे सगळं नाक ट्रेला टेकवून बघत होती. तेव्हा मला त्यात गंमत वाटली. नंतर मनात आलं, हीच कोरडी चकती हिने गिळली असती तर हिच्या पोटात हेच झालं असतं. उरलेली चकती मी तेव्हाच उचलून कपाटात टाकली. खोक्यावर याबद्दल चकार शब्द नाही. शिक्का झाडांचा आहे, खोक्याचा नाही, हे माझ्या तिथेच लक्षात यायला हवं होतं.

ठकी नऊ वर्षांची आहे. वजन तेरा किलो, रंग काळा, पोटाखाली गुलाबी, जात विचारू नये. गवत खाते. गवत खाल्लेलं कुत्रं आजारीच असतं असं नाही. हिला ते आवडतं म्हणून ती खाते, एखाद्या म्हाताऱ्या माणसाने जेवणानंतर बडीशेप चघळावी तशी. खिडकीतल्या कुंडीपर्यंत तिचं नाक पोचतं. म्हणून तर 'ठकीला चालतील' ही अट.

बेसिल पाचव्या दिवशी उगवलं. एकदम, सगळं, गर्दी करून. थाइमची बी इतकी बारीक की पेरली की शिंकून उडवली कळत नाही, पण तीही आली. पार्सलीने तीन आठवडे घेतले. हा तिचा स्वभावच आहे, संचाचा दोष नाही, आणि माहितीपत्रकात तसं प्रामाणिकपणे लिहिलंय. पुदिन्याच्या पाकिटावर पुढे 'पेपरमिंट' छापलंय आणि मागे शास्त्रीय नाव 'मेंथा स्पायकाटा', म्हणजे स्पिअरमिंट. पेपरमिंट हा संकर आहे, त्याला उगवणारी बी धरत नाही, तो फांदी लावून किंवा मुळी तोडूनच वाढवतात. पेपरमिंटच्या बिया म्हणून जे काही विकलं जातं ते पेपरमिंट नसतं. माझ्यातली मुद्रितशोधक इथे जागी झाली. एका पाकिटावर पुढचं आणि मागचं जुळत नाही म्हटल्यावर बाकीची पाचही उलटून बघायला हवी होती. मी तेवढंच हसून खाली ठेवलं.

मग दहाव्या-अकराव्या दिवशी सहावी कुंडी उगवली.

सकाळी पाणी घालायला गेले तर मातीतून हिरवे दोरे आले होते. सरळ नव्हे, वाकलेले. केसांच्या आकड्यासारखे, दोन्ही टोकं मातीत आणि मधली घडी वर. एकाचं टोक सुटून वर आलं होतं आणि त्याच्यावर बीचं काळं, कोनदार टरफल टोपीसारखं अडकलेलं. मी ते पाहिलं आणि हात थांबला. असं कोण उगवतं, हे मला ठाऊक होतं. आई परसात कांद्याचं रोप टाकायची, तेव्हा वाफ्यात नेमकं हेच दिसायचं: हिरव्या आकड्यांची रांग, आणि त्यांवर काळी टरफलं. एक दोरा नखाने चिरडला आणि बोट नाकाशी नेलं. कांदा.

पाकीट शोधलं. पुढे 'चाइव्ज', खाली 'नाजूक पातीची सुगंधी वनस्पती'. मागे, मुंगी चालावी एवढ्या तिरप्या अक्षरांत: ॲलियम शिनोप्रासम. ॲलियम म्हणजे कांदा, लसूण, लीक यांची प्रजाती. कुत्र्याला कांदा-लसूण देऊ नये हे कुत्रं पाळणाऱ्या प्रत्येकाला पहिल्या आठवड्यात कुणीतरी सांगतंच. आणि इथे तीच गोष्ट, पंज्याच्या शिक्क्याखाली, ठकीच्या नाकाच्या उंचीवर, मी स्वतः पाणी घालून उगवून आणली होती.

कुंडी लगेच उचलून वरच्या फडताळावर ठेवली आणि मग मी जे दहा दिवसांपूर्वी करायला हवं होतं ते केलं. अमेरिकेत एएसपीसीए नावाची प्राणिसंस्था आहे, १८६६ सालची. तिचं प्राण्यांच्या विषबाधेसाठी वेगळं केंद्र आहे आणि कुठली वनस्पती कुत्र्याला, मांजराला, घोड्याला बाधते याची मोठी यादी त्यांनी सगळ्यांसाठी खुली ठेवली आहे. सहा पाकिटं पुढ्यात मांडली आणि शास्त्रीय नावं घालून एकेक तपासलं. बेसिल: बिनविषारी. थाइम: बिनविषारी. पुदिना: विषारी. ऑरिगॅनो: विषारी. पार्सली: विषारी. चाइव्ज: विषारी.

सहापैकी चार! तो गोड पंजा डोळ्यांपुढे आला आणि मी कंपनीला पत्र लिहायलाच बसले. अर्धं लिहून झाल्यावर, खोडीप्रमाणे, यादीतल्या प्रत्येक नोंदीखालचा मजकूरही वाचला, आणि पत्रातली निम्मी विशेषणं काढून टाकावी लागली.

कारण 'विषारी' या एका शब्दाखाली फार वेगवेगळी माणसं एका बाकावर बसवलेली आहेत. पुदिन्याच्या नोंदीत 'विषारी' लिहिलंय खरं, पण खाली लक्षणांत म्हटलंय की भरपूर खाल्ला तर उलट्या-जुलाब. कारण त्यातलं सुगंधी तेल. ऑरिगॅनोचंही तसंच, पोट बिघडतं. पार्सलीत फ्युरानोकुमारिन नावाची द्रव्यं असतात, त्यांच्यामुळे उन्हात कातडी भाजल्यासारखी होऊ शकते, पण तेवढं होण्यासाठी ढीगभर पार्सली पोटात जावी लागते. ठकीने कुंडीतली सगळी पार्सली मुळासकट खाल्ली असती तरी ती ढीगभर झाली नसती. उलट स्पिअरमिंट कुत्र्यांच्या दात साफ करायच्या चघळकांड्यांत सर्रास घालतात. पुदिन्याचं एखादं पान ओढलं म्हणून दवाखान्यात धावत जाणाऱ्यांतली मी नाही.

(पुदिन्यावरून एक आडवाट. त्याच्याच कुळात पेनीरॉयल नावाचा एक प्रकार आहे, वास जवळजवळ तोच. पूर्वी पिसवा घालवायला त्याचं तेल कुत्र्यांच्या अंगाला लावायचे. त्यातलं प्युलेगोन नावाचं द्रव्य यकृताची वाट लावतं. 'पुदिनाच तर आहे' म्हणून कुठलंही रोप आणू नये ते यासाठी. आणि 'मिंट' नावाच्या बिनसाखरेच्या गोळ्यांत साखरेऐवजी झायलिटॉल नावाचं गोड द्रव्य असू शकतं, त्याने कुत्र्याची रक्तातली साखर धाडकन खाली येते आणि यकृतही निकामी होऊ शकतं. झाडाचं नाव तेच, वस्तू भलतीच.)

पानाची आणि तेलाची गोष्टही वेगवेगळी. रोझमेरीचं झाड त्या यादीत बिनविषारी आहे, तिचा अर्क तर कुत्र्यांच्या कोरड्या खाण्यात खराब होऊ नये म्हणून घालतात. पण म्हणून वनस्पतींच्या तेलाची बाटली कुत्र्याच्या अंगावर रिकामी करायची नसते. बाटलीत टोपलीभर पानं थेंबात आलेली असतात. या कंपनीच्या माहितीपत्रकात शेवटी त्यांच्याच तेलांची जाहिरात आहे आणि तिथेही तोच पंजा छापलाय. हे मला चाइव्जपेक्षाही खटकलं.

तर चौघांतले तिघे त्यामानाने सौम्य. चौथा वेगळा. चाइव्ज काय, कांदा काय, लसूण काय, यांतली गंधकाची द्रव्यं पोटात गेल्यावर रक्तातल्या तांबड्या पेशींवर हल्ला करतात. हिमोग्लोबिन गंजल्यासारखं होतं, त्याच्या गाठी पेशीच्या कडेला चिकटतात, त्यांना हाइन्झ बॉडीज म्हणतात, आणि मग शरीर स्वतःच त्या खराब पेशी मोडीत काढतं. कुत्रं फिकट पडतं, दमतं, लघवी लालसर-तपकिरी होते. यातली मेख अशी की हे लगेच दिसत नाही. आज खाल्लं तर तीन-चार दिवसांनी कुत्रं मलूल होतं, आणि तोवर कुंडीतली पात कुणी कुरतडली होती हे आपण विसरून गेलेलो असतो. शिजवून किंवा वाळवूनही याचं विष जात नाही. अकिता आणि शिबा इनू या जपानी जातींना तर हे जास्तच बाधतं, त्यांच्या पेशींची घडणच तशी आहे.

घाबरवायचं नाही, म्हणून हिशोबही केला. कुत्र्याने स्वतःच्या वजनाच्या अर्ध्या टक्क्याहून जास्त कांदा एका वेळी खाल्ला की धोका धरतात. ठकीच्या तेरा किलोंना तो पासष्ट ग्रॅम झाला. माझ्या कुंडीतली सगळी पात तराजूवर टाकली असती तर चार ग्रॅमही भरली नसती. म्हणजे एकदा तोंड घातलं असतं तर बहुधा काही झालं नसतं. पण थोडं थोडं रोज खाल्लेलंही साठत जातं, आणि कुंडीची तर गंमतच ही की कापलं की पुन्हा फुटतं. गवत चघळायची सवय असलेल्या कुत्रीच्या नाकासमोर रोज नवी पात. तीन किलोच्या पिल्लाच्या घरात हा हिशोब मला करायलाही आवडला नसता. शिवाय घरात मांजर असेल तर विचारूच नका, मांजरांना कांद्याचं कुळ कुत्र्यांपेक्षा अधिक बाधतं, आणि शिक्क्यावर 'कुत्र्यांसाठी' नाही, 'प्राण्यांसाठी' लिहिलंय.

एवढं सगळं करून मी स्वतःवर खूश होते. चाइव्ज वर, पत्र तयार, भाच्याला फोन करून झाला. "मावशी, पण शिक्का होता ना!" एवढंच तो चार वेळा म्हणाला. मी त्याला लॅटिन नावावर लहानसं व्याख्यान दिलं. फोन ठेवला तेव्हा मागून कागद फाटल्याचा आवाज येत होता.

खताची पुडी. ती खालच्याच कप्प्यात, ट्रेच्या खोक्यात पडून होती. माहितीपत्रकात लिहिलं होतं, चौथ्या आठवड्यानंतर घालावं, म्हणून मी ती विसरले होते. ठकी विसरली नव्हती. पन्नास ग्रॅमची पुडी, निम्मी रिकामी, उरलेलं जमिनीवर आणि तिच्या मिशांवर. तोंडाला मासळीबाजाराचा वास. सहा झाडांपैकी एकाही झाडाला तिने तोपर्यंत दात लावला नव्हता, हे इथे नोंदवून ठेवते.

पुडीवर पुढे 'शंभर टक्के सेंद्रिय'. मागे घटक: 'हाडांचा चुरा, सेंद्रिय पेंड.' बास.

आमच्या डॉक्टर फोनवर फार थोडं बोलतात. "वजन?" तेरा किलो. "कधी?" दहा मिनिटं झाली असतील. "किती?" पंचवीस ग्रॅमच्या आत. "पेंड कसली?" इथे मी अडले. "सेंद्रिय," मी म्हणाले. पलीकडे क्षणभर काहीच नाही. मग, "सेंद्रिय म्हणजे काय सांगितलंत तुम्ही मला? एरंडीची आहे का?"

एरंडीची पेंड खत म्हणून जगभर वापरतात. तेल काढल्यावर उरलेला चोथा तो. त्यात रायसिन उरतं, आणि रायसिन हे वनस्पतींतल्या सगळ्यांत जहाल विषांपैकी आहे. पेंड नीट तापवून ते मारता येतं, पण पुडीतल्या पेंडीवर ती प्रक्रिया झालीय का हे पुडीवर नसतं. इथे तर पेंड कसली तेच नव्हतं. लक्षणं काही तासांनी दिसतात, कधी दीड दिवसानेही. उलट्या, रक्ताचे जुलाब, आणि मग पुढचं डॉक्टरांनी सांगितलं नाही. हाडांच्या चुऱ्याचं दुखणं त्यामानाने गावठी: कुत्र्याला तो खाऊ वाटतो, म्हणून पोटभर खातं, पोटात त्याचा सिमेंटसारखा गोळा होतो किंवा स्वादुपिंड सुजतं.

"पुडी घेऊन या. उरलेलं खत, फाटलेला कागद, सगळं. घरी काही पाजू नका. मिठाचं पाणी तर अजिबातच नाही," असं म्हणून त्यांनी फोन ठेवला. मिठाचं पाणी पाजून उलटी काढायची ही जुनी समजूत, त्याने रक्तातलं मीठच वाढतं आणि ते खतापेक्षा वाईट. मी तोवर मिठाच्या बरणीचं झाकण उघडलेलं होतं, हे आज कबूल करते.

दवाखान्यात उलटीचं इंजेक्शन दिलं. पाच मिनिटांत ठकीने सगळा ऐवज परत केला, त्यात लाकडी पट्टीचा अर्धा तुकडाही निघाला. पट्टीवर माझ्याच अक्षरात 'थाइ' वाचता येत होतं. डॉक्टरांनी चिमट्याने तो तुकडा उचलून माझ्यापुढे धरला. "हे कुणाचं?" मग औषधी कोळसा पाण्यात कालवून पाजला. ठकीचं काळं तोंड आणखी काळं झालं, माझा कुडता, टेबल, डॉक्टरांची चप्पल, सगळ्यांनाच वाटा मिळाला. दोन दिवस लक्ष ठेवायचं, जुलाबात रक्त दिसलं तर रात्री कितीही वाजता फोन करायचा, असं सांगून आम्हाला घरी सोडलं.

त्याच संध्याकाळी मी कंपनीच्या ग्राहकसेवेला फोन लावला. मुलगी नम्र होती. मी विचारलं, पुडीतली पेंड कसली? ती म्हणाली, "सेंद्रिय आहे मॅडम." मी म्हटलं, ते मी वाचलं. सेंद्रिय कशाची? "मॅडम, आमचं सगळं उत्पादन नैसर्गिक आहे, त्यामुळे काळजीचं कारण नाही." मी म्हटलं, बाळ, रायसिनही नैसर्गिकच असतं. हे तिच्या समोरच्या कागदावर नसावं. तिने तक्रार नोंदवून घेतली आणि क्रमांक दिला. तिचा राग येत नाही. तिला जे दिलंय तेच ती वाचणार. ज्याने तो कागद लिहिला त्याचा येतो.

ती रात्र मी ठकीच्या अंथरुणाशेजारी काढली. दर तासाला तिचा ओठ वर करून हिरडी बघायची, बोटाने दाबायची आणि पुन्हा गुलाबी व्हायला किती वेळ लागतो ते मोजायचं. ही डॉक्टरांनी शिकवलेली युक्ती. एक-दोन सेकंदांत रंग परत आला तर ठीक. पहाटे चारच्या सुमारास तिने मला पायाने ढकललं आणि कूस बदलली, तेव्हा मीही झोपले.

ग्राहकसेवेचं उत्तर तिसऱ्या दिवशी आलं. कडुनिंबाची पेंड आणि हाडांचा चुरा. एरंडी नाही. बरं वाटलं, पण हे दोन शब्द पुडीवर छापायला किती शाई लागली असती? डॉक्टरांना पहिल्याच मिनिटाला ते सांगता आले असते, आणि दोन रात्री आम्ही हिरड्या मोजत बसलो नसतो.

आता घ्यावं की न घ्यावं. कुत्रं-मांजर नसेल तर खुशाल घ्या, बिया ताज्या आहेत आणि ट्रे सुंदर आहे. कुत्रं असेल आणि तरीही घेणारच असाल तर बेसिल, थाइम लावा, पुदिना, पार्सली नि ऑरिगॅनो थोडे उंचावर, आणि चाइव्जचं पाकीट न फोडता कुणाला तरी देऊन टाका. खत खोक्यातून काढून आधी कुलपात. शिक्क्याकडे बघूच नका, पाकिटाच्या मागची तिरपी अक्षरं बघा. ती छापल्याबद्दल मात्र या कंपनीचे आभारच मानायला हवेत. नुसतं 'चाइव्ज' लिहून सोडलं असतं तर तपासायला धागाच नव्हता. मराठीत तर ही नावांची आणखीच गंमत. पानओवा ऑरिगॅनोच्या जागी लावणारे पुष्कळ आहेत, कोणी त्याला थाइमही म्हणतात. ऑरिगॅनोशी त्याचं नातं लांबचं, पण कुत्र्यांसाठी तोही त्या यादीत विषारीतच मोडतो. गवती चहाही तसाच. कोथिंबीर मात्र बिनविषारी. नाव ऐकून काही कळत नाही.

माझ्या चाइव्जची कुंडी वरच्या मजल्यावरच्या काकांकडे गेली. त्यांच्याकडे फक्त मासे आहेत. सोबत चिठ्ठी दिली, ती त्यांनी कुंडीलाच चिकटवून ठेवली आहे. बेसिल आता वीतभर वाढलंय आणि ठकीला त्याचा वास अजिबात आवडत नाही. ती कुंडीपाशी जाते, हुंगते, शिंकते आणि परत येते.

माझ्या पत्राचं लेखी उत्तर मागच्या आठवड्यात आलं. कंपनीने दिलगिरी व्यक्त केली आहे, 'पाळीव प्राण्यांचं कल्याण आमच्यासाठी सर्वोच आहे' असं म्हटलं आहे (सर्वोच्चमधला अर्धा च राहून गेलाय), चाइव्जबद्दल एक अक्षर नाही, आणि झालेल्या नुकसानीची भरपाई म्हणून सोबत एक पाकीट पाठवलं आहे. फोडून बघितलं. खताची नवी पुडी. पन्नास ग्रॅम, शंभर टक्के सेंद्रिय, मागे घटक तेच, आणि पुढे पंजा.

पुडी कपाटाच्या सगळ्यात वरच्या फळीवर ठेवली आहे. ठकी कपाटाखाली बसून आहे.